उणे बारा गुणांवरून विजेतेपदाकडे



एरवी मी तुमच्याशी बियाण्यांची उगवण, खोडकिडा आणि माती परीक्षण यांवर बोलतो. आज मुलींच्या एका खेळाची हकिगत सांगणार आहे. ‘साहेबांना उतारवयात हे काय सुचलं?’ असे काही जण म्हणतील. पण घरात थोरल्याने केलेले कर्ज धाकट्यांनी फेडण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना ही हकिगत परकी वाटणार नाही.

माझा एक भाचा नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी असतो. २०२१ साली त्याचा फोन आला, तेव्हा बोलता बोलता तो म्हणाला, “मामा, इथल्या मुलींच्या संघाने यंदा उणे बारा गुणांवरून सुरुवात केलीय.” मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. शून्यावरून सुरुवात असते हे ठाऊक होते. शून्याच्याही खालून? मग त्याने सगळे सांगितले, आणि तेव्हापासून मी त्या संघाची खबर ठेवू लागलो. संघाचे नाव ‘वेस्ट कोस्ट फीव्हर’. फीव्हर म्हणजे ताप. संघाला नाव काय ठेवतील याचा नेम नाही!

हा खेळ नेटबॉल. आपल्याकडे काही शाळांतून खेळतात, पण पुष्कळांनी पाहिलेला नसेल, म्हणून थोडे सांगतो. मैदान १०० फूट लांब आणि ५० फूट रुंद, म्हणजे तुमच्या हिशेबाने साडेचार गुंठ्यांहून थोडे जास्त. दोन्ही टोकांना दहा फुटी खांब आणि त्यावर लोखंडी रिंग. बास्केटबॉलला रिंगेमागे फळी असते, इथे ती नाही. त्यामुळे चेंडू फळीवर आपटून आत ढकलता येत नाही, नेमकाच टाकावा लागतो. एका बाजूला सात खेळाडू. चेंडू हातात आला की तीन सेकंदांत तो दुसरीकडे द्यायचा. चेंडू घेऊन पळायचे नाही, आपटत न्यायचे नाही. अडवणारीने चेंडूवालीपासून तीन फूट लांब उभे राहायचे. प्रत्येकीच्या अंगावर तिच्या जागेची अक्षरे असतात आणि तिने मैदानाच्या कोणत्या भागात फिरायचे ते ठरलेले असते. गोल करण्याचा अधिकार सातांपैकी फक्त दोघींना, तोही रिंगेपुढच्या अर्धवर्तुळातूनच. बाकीच्या पाचजणींनी चेंडू मिळवायचा, राखायचा आणि पुढे पोचवायचा. त्यांच्या नावावर गोल कधीच लागत नाही. भांगलणी करणारीचे नाव तरी कुठे कट्ट्यावर लिहिलेले असते?

ऑस्ट्रेलियात हा बायकांचा मोठा खेळ. ‘सुपर नेटबॉल’ नावाची त्यांची व्यावसायिक स्पर्धा २०१७ पासून चालू आहे. आठ संघ. प्रत्येकाला चौदा सामने. जिंकले की चार गुण, बरोबरी झाली की दोन. चौदा सामन्यांनंतर गुणतक्त्यातले पहिले चार संघ बाद फेरीत जातात आणि शेवटी दोघांत अंतिम सामना होतो. २०२० पासून एक नवा नियमही आला. प्रत्येक पंधरा मिनिटांच्या डावातल्या शेवटच्या पाच मिनिटांत लांबून टाकलेल्या गोलाला दोन गुण मिळतात. जुन्या मंडळींना तो आवडला नाही. मलाही फारसा पसंत नाही, पण सामना शेवटपर्यंत हलता राहतो हे खरे.

आता पर्थविषयी. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हे शहर. स्पर्धेतले बाकी संघ पूर्वेकडचे किंवा मधल्या ॲडलेडचे. पर्थहून मेलबर्न विमानाने सुमारे २,७०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या अंतराच्या दुपटीहून जास्त. बाहेरचा प्रत्येक सामना म्हणजे एवढा प्रवास. शहराच्या पूर्वेला गव्हाचा मोठा पट्टा आहे. हजारो एकरांची एकेक शेते, सगळी पावसावरची. फरक इतकाच, की तिकडे पाऊस थंडीत पडतो. एप्रिलअखेरपासून जूनपर्यंत पेरणी, ऑक्टोबरपासून काढणी. म्हणजे आपण खरिपाच्या तयारीला लागतो, त्याच सुमारास त्यांची गव्हाची पेरणी चालते आणि नेटबॉलचा हंगामही तेव्हाच रंगात असतो. त्या पट्ट्यातल्या अनेक गावांत फुटबॉल आणि नेटबॉल यांचा एकच क्लब असतो. शनिवारी मुलगे फुटबॉल खेळतात, मुली नेटबॉल, आणि आईबाप दोन्ही बघतात. आजी-नात एकाच क्लबात खेळून गेल्याची उदाहरणे तिथे नवलाची नाहीत.

या संघाचा इतिहास काही फार भाग्याचा नव्हता. १९९७ साली ‘पर्थ ओरियोल्स’ नावाने सुरुवात झाली, २००८ पासून ‘फीव्हर’ म्हणू लागले, पण गुणतक्त्यात बहुतेक वर्षे खालचाच भाग वाट्याला आला. मग २०१८ साली जमैकाची जनील फाउलर आली. उंची साडेसहा फूट. रिंगेखाली उभी राहिली, की वरून दिलेला चेंडू तिच्याशिवाय कोणाच्या हाताला लागत नाही. शंभरातले नव्वदहून जास्त नेम तिचे लागतात. याआधी ती न्यूझीलंडात ‘सदर्न स्टील’ संघात होती. तो संघ २०१७ साली एकही सामना न हरता विजेता झाला. पोटच्या मुलीला मायदेशी घरच्यांकडे ठेवून तिने परदेशात खेळाचे दिवस काढले. ऊसतोडीला जाताना लेकरे आजीजवळ ठेवणाऱ्या बायकांना हे वेगळे समजवायला नको. सुपर नेटबॉलमध्ये २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षे हंगामातली सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली.

ती आली त्याच वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. पर्थमध्येच सामना, घरचे लोक समोर, आणि सनशाइन कोस्ट लाइटनिंगकडून ६२-५९ अशी हार. २०१९ साली पहिल्या चारांतही जागा नाही. २०२० साली करोनामुळे जवळजवळ सारी स्पर्धा क्वीन्सलँड या एकाच राज्यात घेतली. पर्थच्या मुली महिनोन्महिने घरापासून दूर राहिल्या, चौथ्या क्रमांकावरून झुंजत अंतिम सामन्यात पोचल्या आणि १८ ऑक्टोबरला ब्रिस्बेनमध्ये मेलबर्न व्हिक्सन्सकडून ६६-६४ असे हरल्या. दोन गुणांनी! हाताशी आलेले पीक काढणीच्या आदल्या रात्री झोपावे, तसे झाले.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांत दुसरा घाव बसला. या स्पर्धेत खेळाडूंच्या मानधनाला कमाल मर्यादा असते. एका संघाने वर्षाला अमुक रकमेपेक्षा जास्त वाटायचे नाही, नाहीतर पैसेवाला क्लब सगळ्या चांगल्या खेळाडू उचलील आणि बाकीचे नुसते बघत बसतील. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. फीव्हरने २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ही मर्यादा ओलांडल्याचे चौकशीत ठरले. शिक्षा काय? तीन लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड, आणि २०२१ च्या हंगामातून बारा गुण वजा. बारा गुण म्हणजे तीन विजय. इतर सात संघ शून्यावर उभे असताना या मुलींनी तीन सामने जिंकावेत, तेव्हा कुठे त्या शून्यावर यायच्या.

इथे थोडा थांबतो. ज्या दोन वर्षी मर्यादेबाहेर पैसा दिला, त्या दोन्ही वर्षी विजेतेपद मिळाले नाहीच. शेजाऱ्याच्या चढाओढीने दुप्पट युरिया टाकणारे काही शेतकरी मला नेहमी भेटतात. पीक हिरवेगार दिसते, माजते, आणि दाणा भरत नाही. असो. शिक्षा योग्य होती असेच माझे मत आहे. पण हिशेब कार्यालयात चुकला आणि वजाबाकी आली मैदानात घाम गाळणाऱ्यांच्या वाट्याला. भाचा म्हणाला, “मामा, त्यांना वाटलं असतं तर यंदाचं वर्ष सोडून देता आलं असतं.” सोडून कोणी दिले नाही. उणे बारावरून सुरुवात करून फीव्हरचा संघ २०२१ साली पहिल्या चारांत आला. विजेतेपद सिडनीच्या न्यू साउथ वेल्स स्विफ्ट्स संघाला मिळाले. माझ्या लेखी मात्र त्या वर्षीचे मोठे काम फीव्हरचेच.

२०२२ साली पाटी कोरी झाली. शून्यावर सुरुवात, इतरांसारखीच. प्रशिक्षक नवे आले होते, डॅन रायन. यांचीही गंमत ऐका. हे स्वतः पुरुषांच्या नेटबॉलमध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळलेले. २०१८ साली ते ॲडलेड थंडरबर्ड्सचे प्रशिक्षक होते, आणि त्या वर्षी त्या संघाने एकही सामना जिंकला नव्हता. एकही नाही! असा माणूस पुन्हा कोणी बोलावत नाही. रायन इंग्लंडला गेले, तिथे लीड्स ऱ्हायनोज संघाबरोबर काम केले आणि मग पर्थने त्यांना बोलावले. बोलावणाऱ्यांचे मला कौतुक वाटते. एका वर्षी पेरणी फसली म्हणून कोणी शेतकऱ्याला अडाणी ठरवू नये, ही गोष्ट आम्हा अधिकाऱ्यांनाही शिकायला वेळ लागतो.

संघात फाउलर होतीच. कर्णधार कोर्टनी ब्रूस बचाव करणारी, पश्चिम ऑस्ट्रेलियाचीच मुलगी. तिचे काम समोरच्या संघाच्या गोल करणारीला जागा मिळू न देणे. लांब हात, आणि चेंडू निघण्याआधी तो कुठे जाईल याचा अंदाज. तिच्याबरोबर इंग्लंडची स्टेसी फ्रान्सिस-बेमन, आणि दक्षिण सुदानी घराण्यातली संडे अर्यांग. मधल्या भागात जेस ॲन्स्टिस, पुढे व्हेरिटी सिमन्स आणि ॲलिस टीग-नील्ड. टीग-नील्डकडे मुद्दाम लक्ष द्या. तिची जागा गोल करण्याचा अधिकार असलेल्या दोघींपैकी एक. तरी ती स्वतः नेम धरण्यापेक्षा चेंडू फाउलरच्या डोक्यावर नेमका पोचवण्यातच जास्त रमते. पाहणाऱ्याला वाटते, हिने काय केले? तिच्यावाचून फाउलरला चेंडू मिळाला कसा असता, हा विचार कमी लोक करतात. लांबून दोन गुणांचा नेम हवा असेल तेव्हा साशा ग्लासगो यायची.

चौदा सामन्यांनंतर गुणतक्त्यात पहिला क्रमांक मेलबर्न व्हिक्सन्सचा होता, आणि अंतिम सामनाही त्यांच्याशीच. २०२० साली दोन गुणांनी हरवणारे तेच. तारीख ३ जुलै २०२२, ठिकाण पर्थ. चार वर्षांपूर्वी घरच्या लोकांसमोर हार पाहिली, तेच क्रीडागृह. न्यायाने एक सांगितले पाहिजे. मेलबर्नची कर्णधार केट मोलोनी करोनामुळे त्या दिवशी उतरू शकली नाही. मधल्या भागातला त्यांचा कणाच ती. तिच्याशिवाय मेलबर्न दुबळे झाले, हे कोणी नाकारणार नाही.

पण फीव्हरचा खेळही त्या दिवशी तसा होता. मी हा सामना मुलीच्या मोबाईलवर पाहिला. मधून मधून चित्र अडकायचे आणि सौ. विचारायची, “जिंकल्या का?” चेंडू उंचावरून यायचा, फाउलर हात वर करायची, वळायची आणि टाकायची. पुन्हा तेच, आणि पुन्हा. भुईमुगाच्या शेंगा तोडताना जाणत्या बाईचा हात चालतो तसा. ब्रूस मागे भिंतीसारखी उभी. सामना संपला तेव्हा ७०-५९. अकरा गुणांचा फरक. संघ सुरू झाल्यापासून पंचविसाव्या वर्षी पहिले विजेतेपद. क्रीडागृह भरगच्च होते. मी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या, तेव्हा सौ. म्हणाली, “तुमच्या भाचीच जिंकल्या जणू!”

पुढचे थोडक्यात सांगतो. विजेतेपद त्यांना लगेच दुसऱ्यांदा मिळाले नाही. २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षे ॲडलेड थंडरबर्ड्स जिंकले, जो संघ २०१८ साली एकही सामना जिंकला नव्हता तोच. २०२५ साली फीव्हर पुन्हा अंतिम सामन्यात आले, समोर पुन्हा मेलबर्न, आणि ५९-५८ अशी एका गुणाने हार.

गेल्या उन्हाळ्यात एका गावी बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक झाल्यावर ही हकिगत मी चावडीपुढे सांगितली. पुरुष मंडळी हसली. मागे उभी असलेली नववीतली एक मुलगी मात्र पुढे आली आणि म्हणाली, “सर, आमच्या शाळेत मैदान आहे, पण मुलींना काय खेळायचं ते कोणी सांगत नाही. रिंग कशी करायची?”

तिला सांगितले ते तुम्हालाही सांगतो. खांब जमिनीपासून रिंगेपर्यंत दहा फूट भरला पाहिजे, आणि पुरण्यासाठी दोन-अडीच फूट जास्तीचा पाइप घ्या. गावातला वेल्डिंगवाला सळईची रिंग वाकवून देईल. आतून व्यास ३८ सेंटिमीटर, म्हणजे १५ इंच. खांब आणि रिंग यांमध्ये सहा इंचांचा आडवा दांडा ठेवा. फळी लावू नका. चेंडू फुटबॉलच्या पाच नंबरच्या मापाचा चालतो. रेषा चुन्याने आखा. मैदान मुरुमाचे असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारून धुमसून घ्या, म्हणजे मुलींचे पाय घसरणार नाहीत.