ड्रॅगन फ्रूट : गिऱ्हाइकाला खरं काय सांगायचं?



ड्रॅगन फ्रूटचे तोडे जून ते नोव्हेंबर चालतात आणि डेंग्यूची साथही साधारण याच दिवसांत असते. त्यामुळे माल विकायला बसलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "यानं पेशी वाढतात ना?" आपणही "हो, वाढतात" म्हणून मोकळे होतो. आजचा मेसेज त्यासाठीच आहे, शेवटपर्यंत वाचा.

*पेशींचं काय?*
ड्रॅगन फ्रूट खाल्ल्याने डेंग्यूत प्लेटलेट वाढतात हे सिद्ध झालेलं नाही. डेंग्यूत प्लेटलेट आधी घटतात आणि पेशंट बरा होऊ लागला की आपोआप वाढतात. त्या दिवसांत जे फळ खाल्लं, त्याला श्रेय मिळतं. खरा धोका पुढे आहे. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण डेंग्यू बऱ्याचदा तिथूनच गंभीर होतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा. आपल्या शब्दावर विसंबून कुणी फळं चारत घरी थांबलं, तर ते महागात पडेल.

*मग फळात आहे काय?*
८० टक्क्यांहून जास्त पाणी. १०० ग्रॅम गरात साधारण ३ ग्रॅम तंतू, म्हणजे पोट साफ राहायला मदत. त्यातल्या काळ्या बिया गरासोबतच खायच्या, त्यातही तंतू असतात. ऊर्जा १०० ग्रॅमला ६० कॅलरीच्या आसपास, म्हणून मिठाईऐवजी खायला चांगलं. थोडं मॅग्नेशियमही मिळतं. लाल गराचा रंग बीटासारख्याच रंगद्रव्यांचा असतो. तो खाल्ल्यावर लघवी किंवा शौच लालसर दिसू शकते, घाबरायचं कारण नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

क जीवनसत्त्वाची मात्र फार जाहिरात करू नका. आपल्या राहात्याचा पेरू त्यात कितीतरी पुढे आहे, १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या आसपास. घरात पोरांना रोज पेरू मिळत असेल तर त्यांचं काही अडत नाही. महागडं फळ म्हणजे जास्त ताकदीचं, असं काही नसतं.

शुगरवाल्यांसाठीही हे औषध नाही. गोड फळ आहे, साखर आहेच. बेतानं खावं, गोळ्या बंद करू नयेत. किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

*कायदाही लक्षात ठेवा*
बॉक्सवर, स्टॉलच्या बोर्डवर किंवा व्हॉट्सॲप स्टेटसला "डेंग्यूवर रामबाण", "शुगर बरी करते" असं लिहू नका. अन्न सुरक्षा कायदा २००६ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

*माल चवीवर विका*
२०२१ मध्ये गुजरात सरकारने या फळाचं नाव 'कमलम' ठेवलं. नाव काहीही असो, गिऱ्हाईक परत येतं ते गोडीमुळे. हे फळ केळी-आंब्यासारखं आढीत पिकत नाही. तोडल्यावर गोडी वाढत नाही, झाडावर जेवढी भरली तेवढीच. फुलापासून साधारण ३० ते ३५ दिवसांत फळ तयार होतं. साल हिरवीची लाल झाली की जवळच्या बाजारासाठी आणखी ३-४ दिवस थांबा. भाव चढलाय म्हणून कच्चा माल तोडला, तर पाणचट फळ खाल्लेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

*एवढंच सांगा :* "झाडावर पिकलेलं आहे, पाणी आणि तंतू भरपूर, थंड करून खा. आजारी माणसाला डॉक्टरांना विचारून द्या."

पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडसारख्या कमी पाण्याच्या भागात हे पीक आधार देऊ शकतं. तो आधार गिऱ्हाइकाच्या विश्वासावर टिकतो.

काही शंका असल्यास फळाचा फोटो आणि फूल उमलल्याची तारीख या नंबरवर पाठवा.

आपला,
कृषी सल्लागार