तो सुटतोय, हे तिला कोण सांगणार?

१५ ऑगस्ट २०२२ रोजी गोध्राच्या तुरुंगातून अकरा जण बाहेर आले. त्यांना मिठाई भरवली गेली, हार घातले गेले. २००२ च्या गुजरात दंगलीत बिल्किस बानो यांच्यावर झालेला सामूहिक बलात्कार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हत्या, या गुन्ह्यांसाठी हे सगळे जन्मठेप भोगत होते. गुजरात सरकारने त्यांची उरलेली शिक्षा माफ केली. एवढा मोठा निर्णय घेताना माझ्या सुरक्षिततेची कुणी साधी चौकशीही केली नाही, असे बिल्किस यांनी नंतरच्या निवेदनात म्हटले होते.

हा खटला निःपक्षपातीपणे चालावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो २००४ मध्ये मुंबईत आणला होता आणि २००८ मध्ये मुंबईच्याच विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली होती. माफीबद्दल मत मागवले गेले तेव्हा या न्यायालयाच्या न्यायाधीशांनी विरोध नोंदवला, सीबीआयनेही नोंदवला. तरी माफी मिळाली. अखेर बिल्किस स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या. शिक्षा महाराष्ट्रात झाली, तेव्हा माफीचा अधिकार महाराष्ट्र सरकारचाच, असे सांगत न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. उज्जल भुयान यांनी ८ जानेवारी २०२४ रोजी तो आदेश रद्द केला. त्याच महिन्यात अकराही जण पुन्हा तुरुंगात गेले. सुनावणीत आणखी एक गोष्ट उघड झाली होती. त्यांपैकी दहा जण शिक्षेच्या काळातही निरनिराळ्या रजांवर हजाराहून अधिक दिवस बाहेरच होते.

शिक्षा झाली की प्रकरण मिटले, असे आपण धरून चालतो. तुरुंगाचे कामकाज मात्र तिथून सुरू होते. कैद्याला संचित रजा म्हणजे फर्लो मिळते, घरातले आजारपण किंवा मृत्यू अशा कारणांसाठी अभिवचन रजा म्हणजे पॅरोल मिळते, आणि पुढे शिक्षेत माफीही मिळू शकते. या तरतुदी असायलाच हव्यात. माणूस सुधारू शकतो, यावर विश्वास नसेल तर तुरुंग हे नुसते कोंडवाडे उरतील. पण या सगळ्या निर्णयांत ज्याच्यावर गुन्हा घडला, तो माणूस कुठे असतो?

कायद्याने पीडिताला काहीच दिलेले नाही, असे नाही. ३१ डिसेंबर २००९ पासून आरोपी सुटला, सौम्य कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला स्वतः अपील करता येते. शिक्षा कमी वाटते, एवढ्या कारणावर मात्र करता येत नाही. भरपाईची वेगळी योजना आहे, महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ आहे. लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडता येईल, असे ठरवले. अडचण नेमकी अपिलानंतरची आहे. रजा आणि माफीचे कागद न्यायालयात नव्हे, तुरुंगात आणि मंत्रालयात फिरतात. माफीपूर्वी शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशांचे मत मागवता येते. पीडिताला कळवलेच पाहिजे, असे मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेतले माफीचे कलमही म्हणत नाही.

याची किंमत मुंबईने पाहिली आहे. वडाळ्यात २०१२ मध्ये एका तरुण वकील महिलेचा खून झाला. जन्मठेप झालेला सुरक्षारक्षक २०१६ मध्ये नाशिकच्या तुरुंगातून आईच्या आजारपणासाठी पॅरोलवर गेला आणि परतलाच नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये तो सापडला. दीड वर्षाहून अधिक काळ खुनी मोकळा आहे, या जाणिवेत त्या कुटुंबाने दिवस कसे काढले असतील!

उपाय शोधायला दूर जायला नको. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून कलम १५-अ लागू आहे. त्यानुसार पीडिताला न्यायालयीन कार्यवाहीची वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क आहे. जामीन, सुटका आणि पॅरोलच्या कार्यवाहीतही त्याचे ऐकून घ्यावे लागते. आपल्याच संसदेने लिहिलेला हा हक्क बलात्काराच्या, ॲसिडहल्ल्याच्या, खुनाच्या प्रत्येक प्रकरणात का नसावा? अमेरिकेत लुईव्हिल शहरात जामिनावर सुटलेल्या माणसाने एका तरुणीचा खून केला. आरोपी सुटल्याचे तिला कुणी कळवलेच नव्हते. त्यानंतर १९९४ मध्ये तिथे कैदी सुटताच नोंदणी केलेल्या पीडिताला आपोआप फोन जाण्याची व्यवस्था उभी राहिली आणि पुढे ती इतर राज्यांत पसरली. घरोघरी मोबाइल पोचलेल्या आपल्या राज्याला हे अवघड नाही.

तोवर पीडित कुटुंबांनी वाट पाहत बसू नये. कैदी ज्या तुरुंगात आहे तिथल्या अधीक्षकांना आणि आपल्या पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्यावा. रजा किंवा माफीचा प्रस्ताव आल्यास आम्हाला कळवावे, धोका असल्यास तो का वाटतो, हे त्यात स्पष्ट लिहावे आणि पोच घ्यावी. अर्ज लिहायला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळू शकतो. महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळते. हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.