ऑक्टोबरात सुकलेला हंसराज

पावसाळा लागला की पनवेलच्या जुन्या विहिरींच्या कठड्यांवर आणि ओल्या दगडी भिंतींच्या फटींत नेचे उगवतात. त्यातला काळ्या चकचकीत देठाचा, नाजूक पानांचा नेचा म्हणजे हंसराज. याच्याच जातभाईला युनानी हकीम परसियावशां म्हणतात आणि खोकल्याच्या काढ्यात वापरतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नर्सरीतून एक हंसराज आणि एक बोस्टन फर्न आणला. सप्टेंबरपर्यंत पाहुण्यांनी कौतुक केले. मग ऑक्टोबरची हीट आली आणि हॉलमध्ये पंख्याजवळ टांगलेला हंसराज तीन दिवसांत कागदासारखा कुरकुरीत झाला. आम्ही घाबरून सकाळ-संध्याकाळ पाणी ओतले, तर मातीला वास येऊ लागला. शेवटी टोपली कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली. अम्मींनी ती तिथून उचलली, वाळलेली पाने मातीलगत कापली, माती बदलली आणि टोपली बाथरूमच्या खिडकीत टांगली. "मुळं जिवंत आहेत," एवढेच म्हणाल्या. पाच-सहा आठवड्यांनी मिटलेल्या मुठीसारखे कोंब वर आले. अल्हम्दुलिल्लाह!

चूक आमचीच होती. या झाडाला ओली हवा लागते, चिखल नव्हे. त्याचे शास्त्रीय नाव आडिअँटम, ग्रीक भाषेत अर्थ 'न भिजणारा'. पानावर पाणी शिंपडून पाहा, थेंब मोत्यासारखे घरंगळतात. म्हणून दिवसातून दोनदा फवारा मारून समाधान आपले होते, झाडाला फार काही मिळत नाही. त्यापेक्षा परातीत खडी आणि थोडे पाणी घालून कुंडी खडीवर ठेवावी, बूड पाण्यात बुडू देऊ नये. दोन-चार कुंड्या जवळजवळ ठेवल्या की हवाही दमट राहते. पंखा, एसी आणि दुपारचे ऊन यांपासून मात्र दूर.

टांगत्या टोपलीला आतून काथ्या लावावा. कोकोपीट, कुजलेला पालापाचोळा आणि थोडी जाड वाळू पुरते. नुसती लाल माती घट्ट बसते. वरचा थर बोटाला कोरडा लागू लागला की टोपली दहा मिनिटे बादलीत बुडवून निथळू द्यावी. भाजी धुतलेले पाणी चालते, मीठ घातलेले नको. बोस्टन फर्न जरा दणकट, नवख्यांनी तोच आधी आणावा.

पानांमागे तपकिरी ठिपके रांगेत दिसले तर कीड समजून औषध मारू नका. नेच्याला फूल नाही, बी नाही. त्या ठिपक्यांतल्या बीजाणूंतूनच त्याची पुढची पिढी होते. आमच्या शेजारच्या खालांनी ते एकदा ब्रशने घासून काढले होते.

आणि कर्नाळ्याला सहलीला गेलात तर तिथला नेचा उपटून आणू नका. ते अभयारण्य आहे, रोप काढणे गुन्हा ठरतो. शिवाय खडकाच्या फटीतली मुळे तुटली की तो घरी सहसा रुजत नाही.

यंदा पहिल्या पावसात अम्मींनी त्या हंसराजाचे तीन भाग केले. एक खालांना दिला, ब्रश न वापरण्याच्या अटीवर.