झाडावर चढायचे यंत्र आणि ७९ डॉलर्सचा मोह

या पानावर सहसा रिटायरमेंट, मॉर्गेज, कोलेस्टेरॉल असे विषय येतात. आज विषय जरा वेगळा आहे. मी बनवलेले झाडावर चढायचे एक छोटे यंत्र, आणि त्याची किंमत ठरवताना माझी उडालेली तारांबळ.

फेब्रुवारी २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या आमच्या भागात बर्फाचे वादळ झाले आणि मागच्या अंगणातल्या ओकची मोठी फांदी मोडून लोंबकळू लागली. ती कापायला आलेला माणूस दोरावरून वर चढला. लहानपणी कोकणात आजोळी, पायांत दोरीचा वेढा अडकवून माडावर सरसर चढणारे गडी मी पाहिले होते. याच्या बुटाला मात्र एक धातूचा चिमटा होता. त्यातला दातेरी तुकडा वर सरकताना सुटा राहतो आणि पायाचा भार पडला की दोर घट्ट पकडतो. "दोर ओला झाला की हा घसरतो," अशी त्याची तक्रार होती. मी मेकॅनिकल इंजिनीअर. हात शिवशिवू लागले!

दोन वर्षे गराजमध्ये खटपट करून चिमटा जमला. पण बाजारात जाण्याआधी दोन कागद महत्त्वाचे होते. पहिला म्हणजे नोकरीचा करार. आपल्यापैकी अनेक इंजिनीअर मंडळींनी "माझे शोध कंपनीचे" अशा अर्थाच्या कलमावर सही केलेली असते आणि ते विसरूनही गेलेले असतात. मी कंपनीकडून लेखी मोकळीक घेतली. (एच-१बी व्हिसावर असणाऱ्यांनी जोडधंद्यापूर्वी वकिलाला जरूर विचारावे.) दुसरा कागद प्रोव्हिजनल पेटंटचा. हा अर्ज स्वस्तात करता येतो, पण १२ महिन्यांत पूर्ण अर्ज केला नाही तर त्या तारखेचा फायदा हातचा जातो. शिवाय वस्तू जाहीर केल्यावर अमेरिकेत एक वर्षाची सवलत मिळते, पण इतर बऱ्याच देशांत ती नाही. म्हणून आधी अर्ज, मग प्रदर्शन.

आता किंमत. एक नग बनवायला ४६ डॉलर्स, पॅकिंग आणि पाठवणी ६. झाले ५२. "७९ ला विकू, २७ सुटतील," असे मी आनंदाने पत्नीला सांगितले. ती हिशेबाची पक्की. म्हणाली, "अहो, यात विमा कुठे आहे? कोणी पडले तर?"

मी गप्प बसलो. मग 'स्कोर' या संस्थेकडे गेलो. तिथे अनुभवी व्यावसायिक नवीन धंदेवाल्यांना विनामूल्य सल्ला देतात. मला भेटलेल्या निवृत्त गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला, "दुकानदाराला काय देणार?" दुकानदार ४० टक्के ठेवणार होता. म्हणजे ७९ मधले माझ्या हाती ४७ डॉलर्स ४० सेंट्स. प्रत्येक नगामागे खिशातून साडेचार डॉलर्स घालून मी समाजसेवा करणार होतो!

मग आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा हिशेब मांडला. विमा आणि चाचण्या मिळून ९,००० डॉलर्स. पहिल्या ३०० नगांवर वाटले तर प्रत्येकी ३०. दुरुस्तीसाठी ४. एकूण खर्च ८६. किंमत १९९ ठेवली तर दुकानदाराचे वजा जाता ११९ डॉलर्स ४० सेंट्स, म्हणजे सुटणार सुमारे ३३. त्यातूनच वकील आणि साचे यांचे पैसे फेडायचे.

१९९ हा आकडा तोंडातून निघेना. आपले मध्यमवर्गीय मन! वाटे, लोक म्हणतील लुटतो आहे. म्हणून झाडांवर काम करणाऱ्या सहाजणांना विचारले. "आवडले का?" असे नव्हे, तर "आज आगाऊ पैसे देता का?" असे. दोघांनी महाग म्हणून मान हलवली, चौघांनी चेक दिले. आवडले म्हणायला पैसे पडत नाहीत, चेक लिहायला पडतात.

साच्यांसाठी ४०१(के) मधून पैसे काढावेत असा माझा बेत होता. साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी पैसे काढले तर साधारणपणे इन्कम टॅक्स आणि वर १० टक्के दंड. कर्ज काढले तर नोकरी सुटल्यावर परतफेडीची घाई. घर गहाण टाकायलाही पत्नीने साफ नकार दिला. बचतीतले १५,००० डॉलर्स बाजूला काढले आणि ठरवले, हे बुडाले तर धंदा बंद, संसार चालू.

नोव्हेंबर २०१७ पर्यंत ४१ नग विकले गेले. मग एका संध्याकाळी फोन आला. चिखलाने भरलेल्या दोरावर चिमटा फूटभर घसरला होता. चढणारा सुरक्षादोराने वेगळा बांधलेला होता, तसा नियमच आहे, म्हणून त्याला खरचटलेही नाही. मला मात्र रात्रभर झोप नाही. त्याची बायको, मुले डोळ्यांपुढे येत होती.

सकाळी विमा कंपनीला कळवले आणि सर्व ४१ जणांना फोन करून "वापरू नका, परत पाठवा" असे सांगितले. दात्यांमध्ये चिखल बाहेर पडायला खाचा केल्या, पुन्हा चाचण्या घेतल्या आणि नवे नग पाठवले. बदलण्याचा आणि पाठवणीचा खर्च नगामागे ३० डॉलर्स, एकूण १,२३०. तोवर ४१ नगांवर सुटले होते सुमारे १,३७०. जेमतेम भागले. ७९ ला विकले असते तर? कदाचित मी "एकच तक्रार आहे, बघू" असे स्वतःला समजावले असते. तो विचार आजही अंगावर काटा आणतो.

त्या ४१ जणांपैकी एकानेही पैसे परत मागितले नाहीत. ३०० वा नग २०१९ मध्ये विकला गेला. श्रीमंत झालो नाही. शनिवार-रविवारची मजुरी धरली तर तोटाच म्हणावा लागेल. पण एक गोष्ट पक्की शिकलो. ज्या वस्तूवर कोणाचा जीव लोंबकळतो, तिच्या किमतीत ती परत घेण्याची ऐपत असलीच पाहिजे. स्वस्त देणे हा नेहमीच चांगुलपणा नसतो.

आपल्यापैकी कोणाच्या गराजमध्ये असे काही शिजत असेल, तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी जरूर भेटा. हिशेबाचा कागद मी घेऊन येईन. पत्नीलाही आणीन, कारण खरे प्रश्न तीच विचारते!