घरातलं रसायन (लेखांक 7) : रंग उतरवून उमटणारी नक्षी

मागच्या आठवड्यात रंग कापडाला कसा धरतो ते आपण पाहिलं. आज त्याच्या उलट जाऊ. धरलेला रंग हवा तिथूनच उतरवला तर कापडावर नक्षी उमटते. त्यासाठी लागणारी वस्तू बहुतेक घरांत मोरीच्या फळीवर असते. पांढऱ्या शर्टांसाठी आणलेली ब्लीचची बाटली, जिला कित्येक घरांत अजूनही नुसतं 'आला' म्हणतात.

एखाद्या जुन्या काळ्या सुती कापडाच्या तुकड्यावर तिचा एक थेंब टाका आणि बघत बसा. आधी नुसता ओला डाग दिसतो. मग त्याच्या कडेला तपकिरी झाक येते, डाग विटकरी होतो, मग नारिंगी, आणि थांबलात तर हळूहळू पिवळट गुळासारखा. काळ्याचं नारिंगी का होतं? बाजारातला गडद काळा बऱ्याचदा एकच रंग नसतो. गडद निळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांचं ते मिश्रण असतं. त्यातला निळा आधी तुटतो आणि नारिंगी मागे राहतो. म्हणूनच दोन काळे कुर्ते शेजारी ठेवून ब्लीच लावलं तर एकावर तांब्याचा रंग येतो आणि दुसऱ्यावर फिकट गुलाबी. कुठला रंग निघेल हे कापड सांगेपर्यंत कळत नाही. मला या कामातलं हेच सगळ्यात आवडतं.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाण्यातलं द्रावण. घरगुती बाटलीत ते साधारण 4 ते 6 टक्के असतं. रंगाच्या रेणूत एकेरी आणि दुहेरी बंधांची लांब साखळी असते. ती प्रकाशातला ठरावीक भाग शोषते, म्हणून रंग दिसतो. हायपोक्लोराइट ही साखळी तोडतं. तुकडे प्रकाश तसा शोषत नाहीत, म्हणून रंग गेला असं आपण म्हणतो. ब्लीचचा डाग कितीही धुतला तरी मूळ रंग परत येत नाही, त्याचं कारण हेच. तिथे धुऊन काढण्यासारखं काही बसलेलंच नसतं.

ही युक्ती जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी आपली बांधणी आहे. गाठी बांधून रंगवलेले ठिपक्यांचे रुमाल इथून युरोपात जात. 'बांधणू' या शब्दावरून तिकडे 'बंदाना' हा शब्द रूढ झाला. त्या रुमालांची नक्कल करायची तर हजारो गाठी कोण बांधणार? बर्टोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1785 मध्ये क्लोरीनने कापड पांढरं होतं हे दाखवलं. 1799 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने विरंजक चूर्णाचं पेटंट घेतलं, तेच जे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर ग्लासगोच्या मॉन्टिथ यांच्या कारखान्यात लाल रंगवलेल्या कापडाचे थर भोकं पाडलेल्या शिशाच्या दोन पत्र्यांमध्ये प्रचंड दाबाखाली धरत आणि भोकांतून आम्ल घातलेलं विरंजक द्रावण सोडत. दाबलेलं कापड लाल राही, भोकांखालचं पांढरं होई. बांधणीत दोरा जे काम करतो, ते तिथे शिसं करत होतं, फक्त उलट्या बाजूने. दोऱ्याखाली रंग पोचत नाही, शिशाखाली ब्लीच पोचत नाही.

अल्सासमधल्या मुलूझ गावच्या डॅनिएल केक्लँने 1810 मध्ये याहून सुबक वाट शोधली. लाल कापडावर त्याने टार्टरिक आम्लाची खळ छापली, म्हणजे चिंचेला आंबटपणा देणारं तेच आम्ल. मग ते कापड विरंजक चूर्णाच्या पाण्यातून काढलं. जिथे आम्ल होतं तिथेच क्लोरीन सुटला आणि तिथलाच लाल रंग गेला. बाकीचं कापड त्याच पाण्यातून जाऊनही लाल राहिलं.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगितली, कारण घरी ब्लीचची नक्षी करणाऱ्यांत एक घातक समजूत पसरली आहे. नक्षी मनासारखी उमटली की कापड व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा, म्हणजे ब्लीच थांबतं, असं सांगितलं जातं. ते थांबत नाही, उलट भडकतं. केक्लँच्या कापडावर आम्लाने जे केलं, तेच व्हिनेगर तुमच्या बादलीत करतं, आणि वर विषारी क्लोरीन वायू सुटतो. लहानशा बंद मोरीत तो श्वास कोंडायला पुरेसा आहे. लिंबू, चिंच, संडास साफ करायचं आम्ल, काहीही ब्लीचजवळ आणू नका. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रवही नकोत.

मग थांबवायचं कसं? याचं उत्तर मला एका पिशवीने शिकवलं. काळ्या जाड कापडाच्या शबनमवर मी ब्लीचने कुयऱ्या काढल्या होत्या. नळाखाली दोनदा खळबळून वाळत घातली आणि झालं असं समजले. काही महिन्यांनी नेमक्या कुयरीच्या रेषेवर पिशवी विरली. बोटाने दाबलं तर कापड कागदासारखं फाटलं. धाग्यात शिरलेलं ब्लीच नुसत्या पाण्याने लवकर निघत नाही. रंग संपला तरी ते कापसाच्या तंतूला खात राहतं. कापडगिरण्यांत म्हणूनच धुतल्यावर 'अँटिक्लोर' देतात. ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटो स्टुडिओतलं 'हायपो'. घरच्यासाठी ते माशांच्या टाक्यांच्या दुकानात पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळतं, नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारायला. पुडीवर नाव वाचून घ्या. लिटरभर पाण्यात चमचाभर खडे विरघळवा. कापड आधी भरपूर पाण्यात खळबळून घ्या, मग दहा मिनिटं त्यात बुडवा आणि शेवटी साबणाने धुवा. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइडही चालतं, एका भागाला दहा भाग पाणी घालून. त्यात कापड टाकलं की बारीक बुडबुडे येतात. तो प्राणवायू असतो, आणि मागे पाणी आणि मीठच उरतं.

आता कापडाची निवड. सुती हवं, बस्स. पॉलिएस्टरचा रंग ब्लीचला बहुधा दाद देत नाही, म्हणून मिश्र कापडावर नक्षी मळकट येते. लायक्रा पिवळा पडतो आणि त्याची ताण धरायची ताकद जाते. रेशीम आणि लोकर यांच्या वाटेला तर जाऊच नका. ती प्रथिनं आहेत. कंगव्यातला केसांचा गुंता ब्लीचच्या वाटीत टाकून पाहा, काही वेळाने तो विरघळून गेलेला असेल. रेशमाचं तेच होतं. कापडाची खात्री नसेल तर शिवणीतला एक धागा काढून जाळा. सुती धागा जळक्या कागदासारखा वास देतो आणि राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गाठ होते. जीन्स मात्र नवशिक्यासाठी उत्तम. तिच्या धाग्यात नीळ फक्त वरच्या थरात असते, गाभा पांढराच राहतो, त्यामुळे स्वच्छ पांढरी रेष सहज मिळते.

हत्यारं घरचीच. दिवाळीला आणलेले रांगोळीचे प्लॅस्टिकचे छापे यासाठी इतके छान चालतात की वेगळं काही विकत आणू नका. टी-शर्ट असेल तर आत पुठ्ठा आणि त्यावर प्लॅस्टिकची पिशवी सरकवा, नाहीतर नक्षी पाठीवरही उमटते. काचेच्या वाटीत निम्मं ब्लीच आणि निम्मं पाणी घ्या. ॲल्युमिनियमची किंवा लोखंडाची वाटी नको, ती खाल्ली जाते. छापा कापडावर घट्ट दाबून धरा. स्पंजचा तुकडा बुडवून चांगला पिळा आणि थोपटा. स्पंज ओथंबलेला असेल तर द्रव छाप्याखाली पसरतो आणि पाकळीचा गोळा होतो. फवारा मारण्यापेक्षा थोपटणं बरं, कारण बारीक तुषार डोळ्यांत जातात. मोकळ्या हाताने रेषा काढायच्या असतील तर नायलॉनचा ब्रश घ्या. केसांचा ब्रश त्याच कारणाने विरघळतो ज्या कारणाने रेशीम विरघळतं. आणि आधी कापडाच्या आतल्या दुमडीवर एक थेंब टाकून घड्याळ लावा. किती मिनिटांत कुठला रंग आला ते लिहून ठेवा. पाच ते दहा मिनिटांत काम होतं. हवी ती छटा येण्याच्या जरा आधीच धुवायला घ्या, कारण धुताधुताही रंग थोडा उतरतो.

हातांत रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा आणि उघडी खिडकी किंवा गच्ची, एवढं करून मगच बसा. उरलेलं पातळ ब्लीच भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडून द्या, ते साठवून फायदा नाही. उन्हात आणि उष्णतेत बाटलीतलं ब्लीचही दुबळं होत जातं. वर्षभर पडून असलेल्या बाटलीने नक्षी उमटत नसेल तर दोष तुमच्या हाताचा नाही.

पुढच्या आठवड्यात नीळ. तोवर एकच विनंती: ब्लीच मूळ बाटलीतच राहू द्या. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही ओतून ठेवू नका, आणि ज्या घरात लहान मूल आहे तिथे ते कुलपातच ठेवा.