सिमेंटला कोरडी जागा, लेकराला कुठली?

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंत खुली झाली. गाडीतून जाणारा करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याचे कौतुक करतो. पण रुळांच्या आधी तिथे उभी राहते ती पत्र्याची वस्ती, तिची आठवण कोण काढतो?

पहिले कुंपण आणि फाटक. मग कचेरी, सळयांचा ढीग, पाण्याची टाकी. सिमेंटची पोती उंच फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचतात; ओल लागली की माल वाया. सुरुंगाची दारू लांब, कुलपात. एवढी काळजी मालाची! मजुरांच्या झोपड्या मात्र पुष्कळदा उरलेल्या जागेत, कधी कापलेल्या डोंगराखाली.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने मालकावर जबाबदारी टाकली : फुकट निवारा, स्वयंपाक, न्हाणी व संडासाची वेगळी सोय, पिण्याचे पाणी, पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असल्यास सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर.

म्हणून बंधू-भगिनींनो, आम्ही एवढेच सांगतो. मुकादमाची उचल घेण्याआधी विचारा : झोपडी कुठे? पाणी कुठे? लेकरू कुठे ठेवायचे? सिमेंटला मिळते तेवढी कोरडी जागा आपल्या मुलालाही मिळालीच पाहिजे.