सुट्टीचा प्रवास : एक दगड, चार स्थळे

दिवाळीची सुट्टी जवळ आली म्हणजे शिक्षकांच्या घरी प्रवासाचा विषय निघतो आणि बहुधा तेथेच संपतो. कोणी काश्मीरचे नाव काढतो, कोणी म्हैसूर-उटीचे. पुढे पगाराचा, घरच्या वृद्धांच्या प्रकृतीचा आणि सोयऱ्यांकडील कार्यांचा मेळ बसत नाही व बेत पुढील वर्षावर जातो. ज्यांचा बेत तडीस जातो तेही आठ दिवसांत बारा ठिकाणे उरकून येतात आणि परतल्यावर मुलांना त्यांपैकी दोनही नीट आठवत नाहीत.

या गोष्टीचा संबंध केवळ शिक्षकाच्या कुटुंबाशी नाही. अजिंठा-वेरूळचा पाठ शिकविणाऱ्या पुष्कळ शिक्षकांनी ती लेणी स्वतः पाहिलेली नसतात. पाठ वाचला जातो, प्रश्नोत्तरे लिहून दिली जातात, परंतु एखाद्या मुलाने “गुरुजी, ते देऊळ किती दगडांचे बांधले?” असे विचारले तर वर्गात शांतता पसरते. खेड्यातील अनेक पालकांना प्रवासाची ऐपत नसते. त्यांच्या मुलांनी देश पाहावयाचा तो शिक्षकाच्या डोळ्यांनी. म्हणून चार दिवसांत, माफक खर्चात, लहानथोर सर्वांना झेपेल आणि पुढे वर्गातही उपयोगी पडेल अशा एका प्रवासाची आखणी येथे देत आहे.

प्रवासाला एक सूत्र असावे. आपल्या प्रवासाचे सूत्र म्हणजे काळा दगड. पूर्व विदर्भ व दक्षिण कोकण यांचा काही भाग वगळल्यास महाराष्ट्राची बहुतेक भूमी या एकाच जातीच्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त शिलारस पुनःपुन्हा बाहेर आला, पसरला व थिजला. थरावर थर साचून आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापलेला आहे. घाटातील डोंगरांना ज्या पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या होत. मुले ओढ्यात वेचतात त्या गारगोट्याही बहुधा याच खडकातील पोकळ्यांत तयार झालेल्या असतात. निघण्यापूर्वी घरातील मुलांना गावची विहीर किंवा खाण दाखवून एवढे अवश्य सांगावे.

पहिला दिवस : लोणार

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथे या खडकावर आकाशातून घाव बसलेला आहे. अतिवेगाने आलेल्या उल्केच्या आघाताने येथे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ वर्तुळाकार विवर पडले. ते केव्हा पडले याविषयी एक मत सुमारे ५० हजार वर्षांचे, तर खडकातील अरगॉन वायूच्या मोजणीवर आधारलेले दुसरे मत सुमारे पावणेसहा लाख वर्षांचे आहे. बेसॉल्टमध्ये अशी विवरे पृथ्वीवर फार विरळ आहेत. चंद्रावरील विवरेही तशाच खडकात असल्यामुळे शास्त्रज्ञ लोणारचा आवर्जून अभ्यास करतात. तळाचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, असे तपासणीत आढळले. त्याच वर्षी या सरोवराचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला. काठावर उभे राहून मुलांना समोरच्या कड्यातील खडकाचे थर दाखवावे आणि गावातील दैत्यसूदनाचे मंदिर पाहून लवणासुराची कथाही सांगावी. कथा व शास्त्र दोन्ही ऐकल्याने मुलांची जिज्ञासा वाढते.

दुसरा दिवस : अजिंठा

वाघूर नदीने नालेच्या आकाराचे वळण घेत जो कडा कोरला, त्याच कड्यात माणसाने ३० लेणी कोरली. त्यांतील जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या व पहिल्या शतकांतील असून बाकीची बहुतेक पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात झाली. पुढे ती विस्मृतीत गेली. १८१९ मध्ये शिकारीस निघालेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडल्यावर त्यांचा बोलबाला झाला. चित्रे काढण्यापूर्वी खडबडीत भिंतीवर भुसा मिसळलेल्या मातीचा लेप दिला जाई, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरे आणि लेप सुकल्यावर रंग भरले जात. शेणामातीने भिंती लिंपणाऱ्या आपल्या खेड्यांतील मुलांना ही कृती चटकन समजेल. १, २, १६ व १७ या क्रमांकांच्या लेण्यांत चित्रे अधिक पाहावयास मिळतात. आत उजेड मंद असतो. डोळे सरावेपर्यंत शांत उभे राहावे, भिंतीस हात लावू नये व चमकदिव्याचा वापर करू नये. वृद्धांना चढ झेपत नसल्यास डोली मिळते.

तिसरा दिवस : वेरूळ

येथे सुमारे दोन किलोमीटरच्या रांगेत ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू व ३० ते ३४ जैन. तीन धर्मांची श्रद्धास्थाने एकाच डोंगरात, एकमेकांना लागून, ही गोष्ट मुलांना उपदेश न करता केवळ चालत दाखवावी. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातील मानले जाते. मघाच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. हे देऊळ बांधलेलेच नाही; ते अखंड डोंगरातून शिखराकडून पायथ्याकडे कोरत आणले आहे. प्रथम भोवती खोल चर खणून मधला प्रचंड दगड सुटा केला व मग त्यातून शिखर, सभामंडप, हत्ती अशी कामे उतरली. वरून आरंभ केल्याने उंच परातींची गरज राहिली नाही. मात्र एकदा निघालेला दगड पुन्हा बसविता येत नसल्याने प्रत्येक घाव आधी मनात मोजावा लागला असेल. थरांची जाडी व दगडाचा बारीक पोत यांमुळेच हे काम शक्य झाले. जवळच घृष्णेश्वराचे मंदिर आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. ते मात्र दगडावर दगड रचून उभारलेले आहे. दोन्ही पाहिली म्हणजे कोरणे व बांधणे यांतील भेद मुलांना वेगळा सांगावा लागत नाही.

चौथा दिवस : देवगिरी

यादवांच्या या राजधानीत तोच दगड शस्त्र झालेला दिसतो. टेकडीच्या कडा तासून उभ्या भिंतीसारख्या केल्या, पायथ्याशी खडकात खंदक खोदला व वर जाण्यास अंधारी वाट ठेवली. तरीही १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे रामचंद्रदेवास नमावे लागले. धान्याची म्हणून गडावर नेलेली पोती मिठाची निघाली, असे तवारीखकार सांगतात. कडा अभेद्य असूनही गड का पडला, हा प्रश्न मुलांना घालावा व उत्तर त्यांनाच शोधू द्यावे. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने येथे राजधानी आणून दौलताबाद हे नाव दिले. चढणे सकाळी उरकावे. वृद्धांनी पायथ्याशी थांबले तरी तटबंदी व चांदमिनार त्यांना पाहता येतात.

काही व्यावहारिक सूचना

अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते, म्हणून बुधवारी लोणारपासून आरंभ करणे सोयीचे. छत्रपती संभाजीनगर येथे मुक्काम ठेवल्यास शेवटचे दोन दिवस सामान हलवावे लागत नाही. एस. टी.च्या भाड्यात महिलांना २०२३ पासून निम्मी सवलत आहे. पुरातत्त्व खात्याच्या स्थळी १५ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क पडत नाही. उन्हाळ्यात दगड तापतो. दिवाळीनंतर हवा बरी असते. बरोबर पाणी, दशम्या-चटणी व एक विजेरी घ्यावी. प्रत्येक मुलाजवळ एक वही द्यावी आणि रोज रात्री त्यात एक चित्र व पाच ओळी एवढेच लिहावयास सांगावे.

सुट्टीनंतर शाळा उघडली की पाठ्यपुस्तकास हात घालण्यापूर्वी मुलांना गावच्या ओढ्यावर न्यावे, त्यातील एक काळा दगड हाती घेऊन लोणार ते देवगिरी हा प्रवास सांगावा व घरच्या मुलांच्या वह्या वर्गात फिरवाव्यात. ज्यांनी असा प्रवास केला असेल त्यांनी केंद्रातील पुढील शिक्षण परिषदेत आपला अनुभव व खर्चाचा तपशील मांडल्यास इतर शिक्षकबंधुभगिनींनाही आपला बेत पुढील वर्षावर ढकलावा लागणार नाही.